साडूच्या गॅलरीखालून तीन फेऱ्या

सोमवार, ३ मार्च. पहाटे ५.४०
साडूला हरवायला सत्तावीस दिवस उरले. गेल्या वर्षी दहा किलोमीटरच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर मला गाठलंन्, पाठीवर थाप मारून सावकाश या म्हणाला आणि गेला. माझी कंबर तेव्हापासून दुखते. दोष त्या थापेचाच, वयाचा संबंध नाही.
घरात त्याचं नाव काढायचं नाही, असा मी नियम केलाय. बायको म्हणाली, अहो, माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे तो. नियम म्हणजे नियम.

बुधवार, ५ मार्च
नवीन धोरण. रोज त्याच्या गॅलरीखालून तीन फेऱ्या. बघू दे आणि जळू दे लेकाचा! पळायचं मात्र समोरच्या कडेने, गटाराला लागून. अलीकडून गेलो तर वरून दिसत नाही. तिथे मान ताठ, चेहऱ्यावर हसू. कोपरा वळलो की लंगडायला मोकळा.

रविवार, ९ मार्च
आता उजवा खुबाही दुखतोय. ऑफिसची खुर्ची कारणीभूत. साहेबांना परवाच सांगितलं होतं. म्हणाले, खुर्ची अकरा वर्षं तीच आहे. बायको म्हणते, फिजिओकडे जा. मुळीच जाणार नाही.

सोमवार, १० मार्च
गेलो. फिजिओबाई म्हणाल्या, खुब्याचे स्नायू कमजोर झालेत, पंधरा दिवस पळणं बंद. रोज उताणं झोपून कंबर वर उचलायची, वीस वेळा. माझी चारदा उचलली गेली. टेबल निसरडं होतं.
रस्ता गटाराकडे उतरता आहे का, नेहमी त्याच कडेने पळता का, असंही विचारलं. म्हटलं, हो, तत्त्वाचा प्रश्न आहे. कड बदला म्हणाल्या. बाईंना साडू नाही, त्यांना काय कळणार!

शुक्रवार, १४ मार्च
व्यायाम: उद्यापासून नक्की. पळणं: चालू. गॅलरीत काहीतरी हललं. टॉवेल असेल. पण टॉवेल त्याचाच.

मंगळवार, १८ मार्च
शिंकलो. कंबरेत अशी कळ गेली की अर्धा तास बेसिन धरून उभा. बायकोने विचारलं, कुणासाठी चाललंय हे सगळं? म्हटलं, तब्येतीसाठी.

रविवार, २३ मार्च
शर्यत संपल्यावर मीही त्याच्या पाठीवर थाप मारणार. कपाटावर सराव केला. हात वर नेला की खुबा ओरडतो. डाव्या हाताने मारीन, पण मारीन.

शनिवार, २९ मार्च. दुपारी
सकाळी बरोब्बर गॅलरीसमोर कंबर धरली. विजेचा खांब पकडून उभा राहिलो. हसूही तसंच अडकलं. साडू खाली आला, जिन्याची एकेक पायरी जपून उतरत. कमरेला पट्टा! मला धरून वर नेलं, गरम पाण्याची पिशवी दिली.
उद्याच्या शर्यतीचं विचारलं. म्हणाला, साडूबुवा, माझं पळणं सहा महिन्यांपूर्वीच सुटलं, मणक्याचं दुखणं. तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही? मग म्हणाला, रोज पाच-चाळीसला उठून गॅलरीत पडद्याआड बसतो तुम्हाला बघायला. वाटतं, आपल्यातला एकजण तरी पळतोय. दिवस बरा जातो.
महिनाभर जीव खाऊन सूड घेतला, आणि ह्या माणसाचा दिवस बरा जात होता!
तरीही उद्या तो पळणार नाही, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी हरलेलो नाही. बायकोला तसं सांगितलं. ती खाली बसून माझे मोजे काढत होती. म्हणाली, दुसरा पाय द्या.