३१ मार्चनंतर एक दिवसही नाही

४ ऑक्टोबर, शुक्रवार. बिलिंग्ज, मोटेल.
ग्लासगोच्या घरून बिलिंग्जच्या युनिटपर्यंत दोनशे ऐंशी मैल. राखीव सैन्यदलाच्या कवायतीसाठी तीन वर्षं दर महिन्याला जातोय. आता बास. माझी इथली मुदत ३१ मार्चला संपते. त्यानंतर एक दिवसही नाही. निघताना मार्लिसला ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, "ऑरिन, गेल्या वर्षीही ठणकावलं होतंस." माझ्या बायकोला तक्रार आणि निर्णय यातला फरक कळत नाही.

६ ऑक्टोबर
मेजर स्ट्रँडना सांगायचं राहिलं. युनिटचे सगळे ट्रक माझ्या जिवावर चालतात. एकदम सांगितलं तर माणूस खचेल.

३ नोव्हेंबर
जेवणाच्या रांगेत सुरुवात केली. म्हटलं, "सर, रस्ता फार लांब पडतो." म्हणाले, "हो ना चीफ, रस्त्यातली हरणं सांभाळा." विषय निघाला, हेही काही कमी नाही.

कागदपत्रं बघणाऱ्या सार्जंट पेलेटिए म्हणाल्या, माझ्या घरापासून वीस मैलांवर वॉरंट ऑफिसरची, म्हणजे माझ्यासारख्या 'चीफ'ची, जागा निघतेय. अर्ज १५ डिसेंबरपर्यंत. "चीफ, आजच भरा." मी नुसता हसलो. सतरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाने अर्ज करायचा? तेच बोलावतील.

८ डिसेंबर
काल माझ्या मुलीचा, ब्रिटाचा, हॉकीचा सामना. दोन गोल केले म्हणे. मी इथे एका ट्रकखाली. फोनवर म्हणाली, "फोटो पाठवते बाबा. त्यात मी पाठमोरी आहे." पुढच्या मोसमात पहिल्या रांगेत बसणार. अर्ज राहिलाय. आठवडा आहे, म्हणजे पुष्कळ आहे.

१६ डिसेंबर, सकाळी ७.
अर्ज भरायला बसलो. कॉम्प्युटर घेईना. मुदत काल संपली. ठीक. मोठी कामं फॉर्मवर होत नाहीत, शब्दावर होतात. त्या जवळच्या युनिटला फोन केला. नाव लिहून घेतलं. स्पेलिंग तीनदा विचारलं.

१० जानेवारी, शुक्रवार.
उणे तीस. वाटेत राउंडअप गावाच्या अलीकडे पिकअप बंद. मी वाहनदुरुस्तीचा अधिकारी, त्यामुळे बिघाड लगेच ओळखला. गाडी चालू होत नव्हती. एका मेंढपाळ बाईने ट्रॅक्टरने ओढत नेलं. विचारलं, काय करता? म्हटलं, सैन्यात आहे. सैन्यात काय, ते सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी
घराजवळची जागा भरली. मिळाली ती बिलिंग्जच्या माणसाला! तो इथून तिकडे जाणार, मी तिकडून इकडे. पेलेटिए म्हणाल्या, "रस्त्यात भेटलात तर हात करा."

मला फरक पडत नाही. मुदत म्हणजे मुदत.

९ मार्च
मेजरना सरळ सांगितलं. ते म्हणाले, "जाताय? बरं." एवढंच. बहुधा धक्क्यामुळे.

मग पेलेटिएंनी माझी फाइल काढली. जवळ जागा नाही, म्हणजे माझं नाव नुसतं यादीत राहणार. कवायत नाही, आणि ती वर्षं पेन्शनला धरणार नाहीत. पेन्शनला वीस लागतात. माझी सतरा. म्हटलं, म्हणजे मला इथे अडकवून ठेवलंय तर! इतक्या लांबून माणसाला राबवायचं, हा कुठला न्याय?

पेलेटिएंनी एक कागद पुढे सरकवला. इतक्या लांबच्या माणसावर सक्ती करताच येत नाही. त्याने स्वतः लिहून द्यावं लागतं. तीन वर्षांपूर्वीचा कागद: 'अंतराची मला काहीही अडचण नाही. स्वखुशीने येईन.' अक्षर माझं. 'काहीही'खाली रेघ.

मी म्हटलं, तेव्हा दिवस वेगळे होते. त्या म्हणाल्या, "चीफ, याचाच कोरा फॉर्म देऊ?"

३१ मार्च, सोमवार. घरी.
फॉर्म तीन आठवडे फ्रिजवर होता. आज शेवटचा दिवस. जेवणानंतर टेबलावर घेतला. मार्लिस भांडी पुसत राहिली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

ब्रिटा वाचून म्हणाली, "अजून तीन वर्षं. म्हणजे तोवर मी घरातून गेलेली असेन ना?"

मी बोटांवर मोजलं. मग हो म्हणालो आणि सही केली.