अकाउंट्सला लागली

कुरुद, भिलाई
गुरुवार

प्रिय प्रेमानंद,

सप्रेम जय भीम. तुझी लेक नोकरीला लागली म्हणून रविवारी संध्याकाळी सगळी गल्ली आपल्या अंगणात उभी होती. घाबरू नकोस, लागलेली नाही. अठरा वर्षांची पोर कुठे लागणार? पण दोन किलो पेढे संपले, चहाची पावडर संपली, आणि मी इतकी हसले की शेवटी पोट धरून पायरीवर बसले. हे सगळं तुला क्रमाने सांगायला हवं, कारण तुझ्या बाबांनी सांगितलं तर ते स्वतःची चूक गाळून सांगतील.

झालं असं. दुपारी आमू मोबाइल नाचवत खोलीतून बाहेर आली आणि ओरडली, "आजोबा, ऑफर लेटर आलं! एक नाही, दोन-दोन!" तुझे बाबा अंगणात मिरचीच्या कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी त्यातले दोनच शब्द उचलले, ऑफर आणि लेटर. आता तूच सांग, भिलाईत उभा जन्म काढलेल्या माणसाला ऑफर लेटर म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागतं का? इथे त्याचा अर्थ एकच. स्टील प्लांटचा लिफाफा, मेडिकल, जॉइनिंग, क्वार्टर. आमच्या वेळी कॉलेजात ॲडमिशन मिळायची. हल्लीच्या युनिव्हर्सिट्या ऑफर देतात, जणू आपण साबणाच्या वडीवर चमचा फुकट घ्यायला गेलोय. बाबांनी पाण्याचा पाइप चालूच टाकला, स्कूटर काढली आणि थेट पावर हाउसच्या बाजारात जाऊन पेढे आणले. येताना हिरालाल भाऊंकडे थांबले. त्यांच्याबरोबर प्लांटच्या कोक ओव्हन खात्यात तीस वर्षं काढलेला तो माणूस. त्याला सांगितलं म्हणजे लाउडस्पीकर लावायची गरजच नाही.

पाच वाजेपर्यंत दारात चपलांचा ढीग. शेजारची सुशीला कडेवर नातू घेऊन आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, "लागली ना वो पोरगी! आमाले सांगतलं बी नाही!" हिरालाल भाऊ खुर्चीत बसता बसता म्हणाले, "कौन डिपार्टमेंट मिला बेटी?" आमू चहाचा ट्रे घेऊन येत होती. तिला वाटलं, काका शिक्षणाचंच विचारताहेत. म्हणाली, "अकाउंट्स, काका." मग बबलू किरानावाला आला, त्यानेही तेच विचारलं, आणि पुढे येणारा प्रत्येक जण तेच विचारत गेला. आपल्याकडे दुसरा प्रश्नच नसतो रे. कुणी लागलं की पहिल्यांदा डिपार्टमेंट, मग परमनंट की ठेक्यावर, मग क्वार्टर कुठलं. मी किती वेळा सांगितलं की अहो, ही कॉलेजची ऑफर आहे, पण पेढा तोंडात असलेल्या माणसाला ऐकू येत नाही.

शेवटी मी तुझ्या बाबांना मोरीपाशी ओढून नेलं आणि शांतपणे समजावलं. मग म्हणाले, "मंजे पैसे आपूनच द्याचे काय त्याइले?" मी म्हटलं, हो. तर म्हणतात, "हे कोन्तं ऑफर लेटर वो, ज्याच्यात पगार आपून द्या लागते?"

आता ऑफरांबद्दल. एक हैदराबादची, बी.कॉम., अकाउंटिंग आणि फायनान्स. जुनं सरकारी विद्यापीठ. त्यांचं पत्र एका पानाचं, त्यात एक स्पेलिंग चुकलेलं, फोटो एकही नाही. दुसरी पुण्याची, खासगी, बीबीए. त्यांनी बेचाळीस पानांची पुस्तिका पाठवली आहे. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. प्रत्येक पानावर कोट घातलेल्या चार मुली लॅपटॉपकडे बघून हसताहेत. लॅपटॉपमध्ये एवढं हसण्यासारखं काय असतं, मला अजून सापडलेलं नाही. पहिल्याच सेमिस्टरला 'लीडरशिप' असा विषय आहे. कुणाचं लीडर व्हायचं, ते छापलेलं नाही. त्यांचा एक काउन्सेलर दिवसातून आठ वेळा फोन करतो, "मॅम, सीट्स आर फिलिंग फास्ट." नवव्या वेळी मी त्याला माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत विचारलं की बाळा, तुझ्या जागा इतक्या भराभर भरत असतील तर तुला एवढे फोन करायला वेळ कसा मिळतो? सदतीस वर्षं प्लांटच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी मोठमोठ्या साहेबांचे फोन तोडले आहेत; हा तर पोरगाच होता. सॉरी म्हणून त्यानेच फोन ठेवला.

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. बीबीए केलं की मॅनेजर, अकाउंट्स केलं की कोपऱ्यातलं टेबल. बिझनेस म्हणजे मोठं जग. तुझ्या कंपनीत तू यंत्रं चालवतोस आणि तुझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरं, टाय लावून, ती यंत्रं कधी बंद ठेवायची ते तुला सांगतात. ते तुला टोचतं. म्हणून आमूने टायवाल्यांच्या बाजूला बसावं असं तुला वाटतं. यात वाईट काही नाही. मी तुझ्या जागी असते तर मलाही टोचलं असतं आणि मी गप्प बसले नसते.

पण प्रेमा, तू दोन वर्षं हिला फक्त सुट्टीत बघितलंस, मी रोज बघितलं. बाबांकडे थोडे शेअर्स आहेत ना, त्या कंपनीचा जाडजूड वार्षिक अहवाल दर वर्षी येतो. आम्ही तो पापड वाळवताना कापडावर ठेवायचो. गेल्या वर्षी ही पोर तो पापडांखालून काढून घेऊन बसली. जेवायला हाक मारली तर म्हणाली, थांब आजी, एक नोट राहिली. मी विचारलं, कसली नोट? तर म्हणाली, "आजी, समोरच्या पानांवर सगळे चेअरमन हसतात. असली बात पीछे बारीक टायपात असते." मग मला समजावू लागली, की नफा दिसतो तरी हातात पैसा कसा नसतो. मला अर्धंच कळलं, पण तिचा चेहरा पूर्ण कळला. लहानपणी तू रेडिओ खोलून बसायचास तसा, असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. रेडिओ तुला मीच आणून द्यायचे. तू तो खोलायचास, कारण मी समोर उभी असायचे.

रविवारी सगळे गेल्यावर आम्ही दोघी कप विसळत होतो. मी तिला म्हटलं, आमू, तू आज किती जणांना 'अकाउंट्स' सांगितलंस, मोजलंस का? तिने मोजलं नव्हतं. मी मोजलं होतं, अकरा जण. मग विचारलं, एकालाही 'बिझनेस' म्हणाली नाहीस, का? ती हसून म्हणाली, "बिझनेस नाम का कोई डिपार्टमेंट असते का आजी?" आणि मग तिचं हसू एकदम थांबलं. कप तसाच हातात. दोन्हीकडे अर्ज केल्यापासून महिनाभर दोन रकाने आखून, फायदे-तोटे लिहून जे ठरत नव्हतं, ते अकरा पाहुण्यांच्या चुकीने ठरून गेलं होतं, आणि ते तिला त्याच क्षणी समजलं. आनंदाने उडी मारेल असं मला वाटलं. ती हळूच म्हणाली, "पण पप्पाले काय सांगू?" एरवी हिंदी मिसळून बोलणारी ही पोर, घाबरली की थेट आजोबांच्या बोलीत शिरते, हे तुला ठाऊक आहे का?

मी म्हटलं, पप्पांना खरं सांग. तर नाही म्हणाली. तू दिवाळीत तिला सांगून गेलास ना, की तुला जे करता आलं नाही ते तिने करावं, मग तू सुटशील. अशी वाक्यं मुलांना देऊ नयेत रे. ती ओझं म्हणून घेत नाहीत, भेट म्हणून घेतात, आणि मग परत करता येत नाहीत. पुण्याची जागा घेतली तर तीन वर्षं ती तुझ्यासाठी लीडरशिप शिकणार, आणि हैदराबादची घेतली तर तुला फसवलं असं समजून रडणार. दोन्ही जागांची मुदत एकच, बुधवार, संध्याकाळी पाच.

मंगळवारी तुझा मेसेज आला. तू तिकडे जामनगरला शटडाउनच्या, यंत्रं बंद ठेवून दुरुस्तीच्या, ड्यूटीवर; मोबाइल गेटवर जमा करायच्या आधी घाईत लिहिलेला. "पुण्याचं फायनल. आई, गार्डियन म्हणून तू सही करून फॉर्म पाठव. बाकी मी बघतो." मी तो चार-पाच वेळा वाचला. आमूने एकदा वाचला, मान हलवली, आणि पुण्याचा फॉर्म प्रिंट करायला बबलूच्या दुकानात गेली. ओठ मिटलेले, डोळे कोरडे, चालणं अगदी सरळ. मी खिडकीतून बघत राहिले. कारण हे चालणं मी आधी एकदा बघितलं होतं.

तू दहावी झालास ते साल. अकरावीचा फॉर्म तू स्वतः भरून आणला होतास आणि 'वाणिज्य'समोर खूण केली होतीस. मी तुला काही विचारलं नाही. भिलाईतली हुशार मुलं गणित घेतात, कोचिंगला जातात, इंजिनिअर होतात. माझे वडील भिलाई-३ वस्तीतल्या रेल्वे यार्डात राबले, त्यांनी मला कॉन्व्हेंटात घातलं; माझा मुलगा दुकानदारीचं शिक्षण घेणार? मी तुझी खूण खोडली. माझ्या सुंदर वळणदार अक्षरात 'गणित' लिहिलं आणि पालकाच्या जागी सही ठोकली. तू बघत होतास. तू भांडला नाहीस. भात वाढून घेतलास, जेवलास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून कोचिंगला गेलास, तसाच, सरळ चालत. मी सगळ्यांना सांगत फिरले, माझा प्रेमानंद किती समंजस! वाणिज्य का, हे मी तुला त्या दिवशी विचारलं नाही. पुढे तीस वर्षांत पण नाही. तुला काय व्हायचं होतं, मला आजही ठाऊक नाही.

काल पावणेपाच वाजता दोन्ही फॉर्म माझ्यासमोर टेबलावर होते; हैदराबादचा मीच बबलूकडून छापून आणला होता. तुला फोन लावायला वेळ होता. तुझ्या सुपरवायझरकडे निरोप पोचवता आला असता, एवढ्या ओळखी माझ्या अजून आहेत. मी लावला नाही. मी आमूला समोर बसवलं आणि विचारलं, सगळे पाहुणे गेले, पप्पा जामनगरला आहेत, मी तर म्हातारी, तुला काय हवं? ती म्हणाली, "मले अकाउंट्स पाहिजे." मी हैदराबादच्या फॉर्मवर सही केली आणि तिने तो पाठवला. मग मात्र तिने जी उडी मारली, तिने तुझ्या बाबांचा चहा सांडला. बाबांनी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "लागली आजोबा, अकाउंट्सलेच लागली." ते पुन्हा पेढे आणायला उठले होते, मी बसवलं.

सोमवारी शटडाउन संपला की आमू तुला स्वतः फोन करणार आहे. तिला तुझा राग सोसवेल की नाही माहीत नाही. म्हणून तो माझ्यावर काढ, माझी पाठ मजबूत आहे. आणि ऑगस्टमध्ये तिला हैदराबादला सोडायला तूच जा, मी किंवा आमूची आई सीमा नाही. पण एवढ्यासाठी मी चार पानं लिहीत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला दिवसातून चाळीस वेळा सॉरी म्हणायला शिकवलं. धक्का लागला सॉरी, खडू पडला सॉरी. त्यामुळे तो शब्द माझ्या तोंडात झिजून गेला, आणि मराठीतला दुसरा कुठला मी कधी वापरलाच नाही. आता वापरते. तुझ्या फॉर्मवर मी खोडलं, ते माह्यं चुकलं, प्रेमा. हे फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच म्हणाला असतास, "जाऊ दे ना आई," आणि मीही जाऊ दिलं असतं. म्हणून लिहिलं. कागदाला मध्येच थांबवता येत नाही.

तुझीच, जन्मभर तुझ्याऐवजी बोलत आलेली,
आई