चौदा नंबरच्या बरणीतील प्राण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
परीक्षा तक्रार निवारण समिती (विज्ञान शाखा),
वर्धा.

अर्जदार : सौ. मेघा अश्विन थूल, रा. देवळी, जि. वर्धा.
बी.एस्सी. अंतिम वर्ष, प्राणिशास्त्र (माजी विद्यार्थिनी म्हणून पुनःप्रविष्ट)

विषय : प्रात्यक्षिक परीक्षेतील नमुना क्र. १४ हा जळू नसून गोगलगाय असल्याबाबत, व तो तसा मान्य होऊन तीन गुण मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. १६ जूनचा अर्ज. २) समितीचे दि. ३० जूनचे उत्तर, सोबत संमतीपत्राचा कोरा नमुना.

महोदय,

हा अर्ज लिहायला बसले तेव्हा घर अगदी गप्प होते. मग न्हाणीतल्या रिकाम्या बादलीत नळाचा एक थेंब टप्पकन वाजला आणि मुलगी कूस बदलून पुन्हा झोपली. ती दुपारी दोन ते तीन झोपते. माझे शिक्षण त्याच तासात झाले आहे. अर्ज तीन दुपारांत मिळून लिहिला असल्याने शाईत फरक दिसेल, त्याबद्दल क्षमस्व.

१. प्रात्यक्षिकात पन्नासपैकी वीस गुणांना उत्तीर्ण धरतात. मला अठरा आहेत. बाकी सर्व विषय सुटले आहेत. वर्ध्यात बी.एड.ला माझा नंबर लागला असून उत्तीर्ण गुणपत्रिका २५ जुलैपर्यंत दाखल न केल्यास ती जागा पुढच्या उमेदवाराकडे जाईल. म्हणजे माझे सगळे त्या एका बरणीत अडकले आहे.

२. प्राणी ओळखा या प्रश्नात टेबलावर दहा बरण्या मांडल्या होत्या. प्रत्येक बरणीसमोर तीन मिनिटे उभे राहून प्राण्याचे नाव, संघ आणि ओळखीची दोन लक्षणे लिहायची होती. पट्टकृमी, यकृतातील पर्णकृमी, गांडूळ, शिंपला हे सर्व माझे बरोबर आले. निळ्या झाकणाच्या बरणीवर चिठ्ठी होती, "क्र. १४". मी लिहिले : गोगलगाय, बिनकवचाची; संघ मृदुकाय. तिथे मला शून्य मिळाले, कारण उत्तरसूचीत जळू आहे.

३. समितीने दि. ३० जूनच्या उत्तरात कळवले आहे की, "साहित्य नोंदवहीत क्र. १४ समोर जळू अशी नोंद असल्याने बरणीत जळू आहे." नोंदवहीबद्दल मला आदरच आहे. तरीही जळूच्या शरीरात तेहतीस खंड असतात आणि त्यांवर बारीक वलये असतात. मी बरणीतल्या प्राण्याचे खंड मोजले. शून्य भरले. शून्य मोजायला फार वेळ लागत नाही, म्हणून पुन्हा एकदा मोजले. जळूला चिकटून राहण्यासाठी पुढे एक आणि मागे एक मोठा चूषक असतो; इथे दोन्हीकडे नव्हता. याउलट पोटाखाली लांबट सपाट पाय होता, पाठीवर मधोमध फिकट रेघ होती, आणि डोक्याकडे एक शिंग अर्धे बाहेर राहून गेले होते. जळू हा प्राणी कितीही वर्षे बरणीत ठेवला तरी त्याला शिंग फुटल्याचे माझ्या वाचनात नाही. जळू आणि गोगलगाय दोन्ही उभयलिंगी असतात, एवढ्या एका बाबतीत समितीचे म्हणणे व माझे म्हणणे जुळते, हे मी मोकळेपणाने नमूद करते.

४. आता एक गोष्ट मी स्वतःहून सांगते, कारण ती समितीला आज ना उद्या कळेलच. पाच वर्षांपूर्वी, मुलगी पोटात असताना, अंतर्गत परीक्षेत याच बरणीसमोर उभी राहून मी "जळू" लिहिले होते आणि तीनपैकी तीन गुण घेतले होते. आमच्याकडे प्राणी पाठ करत नाहीत, बरण्या पाठ करतात. वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे एक कागद येतो. त्यावर असते : फुटक्या कडेची बरणी पट्टकृमी, पिवळे पाणी गांडूळ, निळे झाकण जळू. मी तो कागद तोंडपाठ केला होता. बरणीत काय आहे ते मी तेव्हा पाहिलेच नव्हते.

५. मग पाहिले कधी? गेल्या पावसाळ्यात, न्हाणीत. आमच्या न्हाणीच्या भिंतीवर श्रावणात काळ्या गोगलगाई येतात. माझ्या सासूबाई अन्नपूर्णाबाई यांनी एकीवर मीठ टाकले. ती आक्रसली, तिला फेस आला आणि माझी मुलगी काजल (वय तेव्हा साडेतीन) इतकी रडली की जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी आणि काजल दोघी मिळून गोगलगाई कागदावर घेऊन बाहेर अळूच्या पानाखाली सोडू लागलो. उकिडवे बसून आम्ही त्यांची शिंगे मोजली. चार असतात. वरच्या दोन शिंगांच्या टोकांवर डोळे असतात. काजलने बोट जवळ नेले की शिंग आत जायचे, बोट मागे घेतले की हळूच बाहेर यायचे. "आई, ते लाजून राह्यली," असे ती म्हणायची. पाठ्यपुस्तकात या हालचालीचे दुसरे कारण दिलेले आहे. मी तिला ते सांगितले नाही, ही माझी शैक्षणिक चूक समजावी.

६. त्यामुळे एप्रिलमध्ये निळ्या झाकणासमोर उभी राहिले तेव्हा कागदही आठवत होता आणि न्हाणीही. काय लिहिले की तीन गुण मिळतात हे मला ठाऊक होते. पण ते अर्धे शिंग दिसले, आणि हातून गोगलगाय लिहिली गेली. बाहेर आल्यावर प्रयोगशाळेचे परिचर लहानूभाऊ मला म्हणाले, "ताई, सगळे जळूच लिवतात. तुमीबी लिवून टाकाले पाह्यजे होतं. पास झाल्यावर मंग पाह्यजो म्हणा काय हाय ते." त्यांनी हे माझ्या भल्यासाठीच सांगितले.

७. मूळची जळू कुठे गेली, हा प्रश्न मी विचारत नाही. सहा वर्षांपूर्वी पावसाळ्यात प्रयोगशाळेची रंगरंगोटी झाली, सामान हलवताना दोन बरण्या फुटल्या आणि दुसऱ्याच दिवशी तपासणी पथक येणार होते, एवढे सर्वांना माहीत आहे. कॉलेजच्या टाकीच्या भिंतीवर अशा गोगलगाई तेव्हाही असत, आताही असतात. ज्या कोणी रिकामी बरणी भरली, त्याने कॉलेजची लाज राखली. त्याच्यावर कारवाई झाली तर मला ते तीन गुण गोड लागणार नाहीत. तरी चौकशी माणसाची न करता फक्त बरणीची करावी.

८. बरणी उघडून पाहावी, ही माझी पहिल्या अर्जातील विनंती होती. त्यावर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाने कळवले की, बरणी उघडल्यास नमुना खराब झाल्याचे दाखवावे लागेल, नमुना खराब दाखवल्यास जळू कमी भरेल, आणि जळू कमी भरल्यास ती भरून द्यावी लागेल. हे मला समजले. म्हणून बरणी न उघडता, बाहेरूनच, उजेडात धरून पाहावी. तेही नियमात बसत नसल्यास मी एक जिवंत जळू व एक जिवंत गोगलगाय दोन वेगळ्या डब्यांत घालून देवळीहून एस.टी.ने समितीसमोर हजर करण्यास तयार आहे. गोगलगाय आमच्या न्हाणीत आहे. जळूसाठी सासूबाईंनी नाला सुचवला आहे. त्यांचे शिक्षण दुसरीपर्यंत झाले असून त्यांचे मत असे : "जळूले शिंगं कुठून आले वं? लहानपणी म्हशी धुवाले नाल्यात गेलती तं पोटरीले लागली होती जळू. रगत थांबे नाई. आन हे लोक मले जळू शिकवून राह्यले?" तज्ज्ञ म्हणून त्यांना बोलावायचे असल्यास दुपारची वेळ सोयीची. प्रवासभत्ता नको. खिडकीची जागा हवी.

९. आता संमतीपत्राबद्दल. समितीने माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीने विचार करून सुचवले आहे की, "नमुना क्र. १४ मधील जळू ओळखण्यात माझी चूक झाली" असे मी लिहून दिल्यास दोन गुण कृपांक म्हणून देता येतील. दोन गुणांत मी उत्तीर्ण होते. म्हणजे खरे लिहिल्याचे शून्य मिळाले आहे आणि ते खोटे होते असे लिहून दिल्याचे दोन मिळतील. माझे पती अश्विन म्हणाले, "करून टाक सही. गोगलगाय थोडीच कोर्टात जाणार हाय?" हेही बरोबर आहे. त्यांनी दोन वर्षे सकाळचा डबा स्वतः भरून नेला आहे, आणि माझ्या परीक्षेच्या काळात काजलची वेणी त्यांनीच घातली आहे, वाकडी का होईना. ते थकले आहेत, मीही थकले आहे. सही करायला मी काल दुपारी पेन उघडले होते.

१०. परंतु महोदय, बी.एड. झाल्यावर मी मुलांना शिकवणार आहे. माझ्यासमोर चाळीस मुले असतील आणि टेबलावर एखादी बरणी असेल. मी त्यांना "नीट पाहा" म्हणायचे की "झाकणाचा रंग पाहा", हे मला आधी ठरवून घ्यावे लागेल. म्हणून आधी बरणी बघावी आणि संमतीपत्राचे त्यानंतर विचारावे. बघून ती जळूच निघाली, तर मी कृपांकही मागणार नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेस बसेन.

२५ जुलैच्या आत निर्णय व्हावा, ही विनंती. नळ गळतोच आहे आणि मुलगी उठली आहे, म्हणून इथेच थांबते.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
सौ. मेघा अश्विन थूल
देवळी, दि. ९ जुलै २०२५

सोबत जोडले आहे :

१) गुणपत्रिकेची छायाप्रत.

२) मी आठवणीने काढलेली नमुना क्र. १४ ची आकृती, अवयवांच्या नावांसह. न दिसलेले अवयव दाखवलेले नाहीत.

३) कु. काजल हिने काढलेले गोगलगाईचे चित्र. शिंगे पाच आहेत, त्यांतले एक जादा समजावे. कागद परत मिळावा, ती रोज विचारते.

४) संमतीपत्राचा नमुना, सहीविना. काल मी पेन उघडले तेव्हा काजल उठून माझ्या मांडीवर येऊन बसली आणि कागदावर काय लिहिले आहे ते तिने विचारले. मी वाचून दाखवले. मग तिने जे विचारले त्याचे उत्तर समितीला देता आल्यास कळवावे. ती म्हणाली, "आई, तू सही केली का तिचे शिंगं गळून पडतीन?"