भावाचा निरोप आल्याशिवाय

कासेंगा, मलावी
रविवार, १० ऑगस्ट २०२५

ती. दादूस यांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही सांग.

पाकिटावर माझं नाव बघून तू ते तसंच टाकून देशील, म्हणून तुझ्या लेकीच्या, पूर्वीच्या, नावाने पाठवतोय. इथल्या दवाखान्यातली एक नर्स मुंबईला येते आहे, तिच्या हाती देईन. फोन तू उचलत नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर मीही उचलला नसता.

आम्ही खुशाल आहोत. सध्या इथे थंडी आहे, मका घरात येऊन पडलाय. आपली जशी भाकरी, तसं हे लोक मक्याचं घट्ट पीठ शिजवून खातात. माझी बायको रुचिका ते इथल्या बायकांपेक्षा छान करते असं मी म्हणतो, आणि इथल्या बायका पोट धरून हसतात.

मिशनच्या कामाची आमची चार वर्षांची पहिली मुदत संपत आली. आठ ऑक्टोबरला निघायचं, सहा महिन्यांच्या रजेवर. मागे मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, सांभाळायला इथलाच एक पाळक आलाय. तो माझ्यापेक्षा चांगला गातो, त्यामुळे माझ्यावाचून कुणाचं फार अडेल असं दिसत नाही. बॅगाही भरून झाल्या. पण निघता येत नाहीये.

कारण ऐकून हसशील. इथली दोन घरं पाण्याच्या पंपावरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. तेव्हा मीच मोठ्या तावात उपदेश केला होता, की भावाचं तुमच्याविरुद्ध काही असेल तर देवापुढे काही ठेवायला येऊ नका, आधी भावाकडे जा. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की रीतच पडली. लांब जाणाऱ्याने मंडळीपुढे उभं राहायचं, ज्याच्या मनात जे असेल ते त्याने बोलायचं, आणि सगळं मिटलं की मगच डोक्यावर हात ठेवून त्याला निरोप द्यायचा.

आज माझी पाळी होती. एकाच्या मुलाच्या लग्नाला मी उशिरा पोचलो होतो, त्याने ते सांगितलं. एका बाईने दिलेली कोंबडी मी परत केली होती, तिला तो अपमान वाटला होता. मी दोघांची माफी मागितली. मग आग्नेस फिरी उठली. ती मंडळीतली सगळ्यात म्हातारी. तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

इथे परगावाहून कुणाचं पत्र आलं की त्यातले सलाम चर्चमध्ये मोठ्याने वाचतात. आग्नेस म्हणाली, "चार वर्षं तू बायकोच्या माहेरचे सलाम वाचलेस, भिवंडीच्या मंडळीचे वाचलेस. मोठा भाऊ आहे म्हणतोस, त्याचा एकही नाही. तो मेला का?"

मी म्हटलं, नाही.

"मग त्याचं तुझ्याविरुद्ध काय आहे?"

मी खाली बसायला गेलो. तेव्हा ती सगळ्यांकडे वळून म्हणाली, भावाचा निरोप आल्याशिवाय मी याच्या डोक्यावर हात ठेवणार नाही. सगळे हो म्हणाले. माझंच शिकवणं माझ्याच अंगाशी आलं.

तिकीट हातात आहे, कुणी दार अडवलेलं नाही. तसाच निघू शकतो. पण परत आल्यावर कोणत्या तोंडाने यांच्यापुढे उभा राहू?

इथपर्यंत लिहून दोनदा चहा पिऊन आलो. आता लिहितोच.

बाबांच्या वेळी मी तुला म्हणालो, माझा धर्म मला खांदा देऊ देत नाही. तू सगळ्यांसमोर ओरडलास, "बापाचा जीव तूच घेतला!" मी फाटकापाशी चपलासुद्धा न काढता उभा राहिलो. मुलाची जागा घ्यायला कुणी पुढे होईना. शेवटी आपल्या लूमवरचे अन्सारी चाचा आले आणि मला बाजूला सारत म्हणाले, "हटो बेटा, मैं देता हूँ." डोक्यावरच्या टोपीसकट ते 'राम बोला भाई राम' म्हणणाऱ्यांबरोबर स्मशानापर्यंत चालले. त्यांचा धर्म काही बुडाला नाही.

धर्माने मलाही अडवलं नव्हतं, दादूस. बाप्तिस्मा घेऊन मला आठच महिने झाले होते. रस्त्यापलीकडे आमच्या प्रार्थनेच्या गटातली दोन मुलं मोटारसायकल लावून उभी होती. ती काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नंतर आमच्या पाळकांनीच मला विचारलं, "वडिलांना खांदा का नाही दिलास? तुला कुणी मना केलं होतं?" कुणीच केलं नव्हतं. मी घाबरलो.

पुढचं याहून वाईट आहे. हीच गोष्ट मी चर्चाचर्चांतून साक्षीत, म्हणजे मला देव कसा भेटला ते सांगताना, सांगत फिरलो, की प्रभूसाठी मी बापाच्या तिरडीपासूनही दूर राहिलो. ऐकणारे रडायचे. त्या साक्षीवर मला इथे पाठवलं. रजेत मंडळ्यांमधून हिंडून पुन्हा साक्ष द्यायची असते. या वेळी खरं सांगणार आहे. मग मला परत पाठवायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

आणि एक गोष्ट तुझी आहे, जी मी नऊ वर्षं दाबून ठेवली. बाबा जाण्याच्या चार दिवस आधी तू जेवायला घरी गेला होतास आणि दवाखान्यात मी एकटाच होतो. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "तुला जे चालत न्हाय ते नको करू. केस नको काढू, पिंडाला हात नको लावू. मना राग न्हाय. निस्ता खांदा दे." मी हो म्हणालो होतो.

ते माझ्यावर रुसून गेले नाहीत. पण हे तुला सांगायचं तर मी शब्द देऊन फिरलो हेही सांगावं लागलं असतं. म्हणून बाप झुरून मेला असं तुला वाटू दिलं. याची मला लाज वाटते.

'माफ कर' म्हणणं माझ्या रोजच्या कामाचंच झालंय, म्हणून ते इथे लिहीत नाही. तुला जे वाटेल ते कळव. शिवी दिलीस तर तीही मंडळीपुढे वाचेन, नीट भाषांतर करून.

बाबांना शब्द देऊन फिरलेला,
रामनाथ


टेमघर, भिवंडी
३१ ऑगस्ट २०२५

रामनाथ,

पत्र मिळालं. पूर्वी वाचून दाखवत होती. अर्ध्यावर तिला उठवलं आणि पुढचं माझं मी वाचलं. हा कागद ती फोटो काढून फोनवर पाठवेल.

शेवटचे दिवस बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. ते तुझ्या दुःखाने, असं मी धरून बसलो होतो. तुझी वहिनी सांगायची, त्यांच्या पाठीला आणि एका कुशीला जखमा झाल्यात, त्यांना दुसऱ्या कुशीवर होता येत नाही. मी ऐकलं नाही. तुझ्यावर राग धरायला मला तेच बरं पडत होतं. जीव तू घेतलास असं मी बोललो, ते चूक होतं. मागे घेतो.

अन्सारी चाचा ईदनंतर गेले. कब्रस्तानापर्यंत मी खांदा दिला. तुला कळवायचं मनात आलं होतं, पण नाही कळवलं.

तुझ्या त्या म्हातारीला सांग, भाऊ जिवंत आहे आणि ये म्हणतो. चर्चच्या खोलीवर उतरायचं नाही. रुचिकाने अजून या घराचा उंबरा पाहिलेला नाही, हे लोकांना सांगायची मला आता शरम वाटते.

राग मात्र गेलेला नाही. खोटं कशाला लिहू? वर आशीर्वाद लिहिला नाही, तो मुद्दामच. विमान किती वाजता उतरतं ते पूर्वीला कळव. राग घेऊनच विमानतळावर येईन.

दौलत