एवढं बांधून होऊ द्या

चिखले, ता. डहाणू
१२ फेब्रुवारी २०२५

चि. निधी,

आशीर्वाद. मी बरी आहे, म्हणजे उठते-बसते.

ऑगस्टातल्या त्या सकाळी मी अंगण झाडलं, पेज केली, बाबांना बागेत खुर्ची टाकून दिली आणि चिकूची कलमं बांधायला बसले. जमना खुंटासाठी रायणीची रोपं आणून देत होती. "शेठ आता मुकादम. नुसतं बघायचं," म्हणाली. बाबा हसले. तू परदेशी गेल्यापासून दोन वर्षं तुझं नाव निघालं की ते उठून जायचे. एरवी हसरेच होते.

तपकिरी बटू ताऱ्यांवरचा तुझा लेख चार वेळा वाचला. अडलं ते कोशात पाहिलं. एकाच ढगात बरेच गोळे जमू लागतात, एकमेकांच्या ओढाताणीत काही बाहेर फेकले जातात, पुरेसं वस्तुमान गोळा व्हायच्या आत. मग ते सूर्यासारखे पेटतच नाहीत. जवळजवळच्या जोड्या टिकतात. लांब अंतराची जोडी शेजारून जाणारा एखादा ताराही तोडून टाकतो. आणि टिकलेल्यांनी काय करायचं, तर एकमेकांभोवती फिरत निवत जायचं. तू लिहिलंस, यात दुःखाचं काही नाही. मला मात्र तेवढंच दिसलं.

लेखासोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, बाबांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही, आता त्या घरी येऊन काय करू. त्याचं उत्तर सहा दिवस लिहिते आहे.

त्या सकाळी जमना पाण्याला गेली होती. बाबा म्हणाले, "निधीला फोन लाव. मला बोलायचंय तिच्याशी."

माझ्या एका हातात रायणीचं रोप, दुसऱ्या हातात चिकूची फांदी. दोन्हींची साल नुकती तासलेली. चीक वाळला की सांधा धरत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी म्हटलं, "एवढं बांधून होऊ द्या."

ते बरं म्हणाले.

मी नीट, घट्ट बांधलं. वळून पाहिलं तर त्यांची मान कलली होती.

ते कलम जगलं. जमना कौतुकाने दाखवते. मी त्या बाजूला जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला. तू विचारलंस, आणि मी सांगितलं, झोपेतच गेले, काही बोलले नाहीत.

आई