खोगिराखालची जखम

प्रिय (अजून म्हणू का?),

पडक्या किल्ल्यांच्या डोंगरांतून पाच दिवसांची घोड्यावरची सहल केली. फॉर्मवर वजन बारा किलो कमी लिहिलं. माझी खोड तुला ठाऊकच आहे. रोज संध्याकाळी घोड्याच्या पाठीवरून हात फिरवून बघायचं, हा घोडेवालीचा नियम. मी न बघताच "ठीक आहे" सांगायचो.

चौथ्या दिवशी खिंडीत तिने स्वतः खोगीर उतरवलं. पाठ तळहाताएवढी सोलली होती.

"कधी कुरकुरला नाही हो," मी म्हणालो.

"तो नाहीच कुरकुरत. म्हणून तर बघायचं असतं."

उरलेली वाट मी त्याच्या शेजारून पायी उतरलो.

अकरा वर्षांत तू एकदाही कुरकुरली नाहीस, हे मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो.

तुझी जखम आता भरत आली असेल. म्हणून हे पाठवत नाही.

एके काळचा तुझा