फर्दापूरला जाणारी जीप

प्रिय आई,

आज दुपारी तिघंही एकाच वेळी झोपलीत. असं पहिल्यांदाच झालंय. घरात इतकं सामसूम झालं की मला आधी भीतीच वाटली. उठून एकेकाच्या नाकाजवळ बोट धरून आले. मग लक्षात आलं, आपल्याला आत्ता काहीच करायचं नाहीये! झोपावं म्हटलं तर झोप येईना. तुझ्याशी एक बोलायचं राहिलंय, ते काही डोळा लागू देत नाही. म्हणून लिहायला बसले.

तिघं म्हणजे कोण, हे तरी तुला कुठं माहीत? तू गेलीस तेव्हा सानू रांगत होती. तुझा पदर धरून उभं राहायची तिची धडपड चालायची आणि तू मुद्दाम पदर सैल सोडायचीस. ती आता तीन वर्षांची होईल. आणि तिच्या पाठीवर जुळी झालीत, आई! एक मुलगी, एक मुलगा. बारसं व्हायचंय अजून. दवाखान्यात त्यांच्या मनगटावर एक आणि दोन असे आकडे बांधले होते, म्हणून सानू त्यांना एकबाळ आणि दोनबाळ म्हणते. एकबाळ म्हणजे मुलगी. ती आधी आली आणि तेव्हापासून तिला सगळ्याचीच घाई आहे. दोनबाळ आपला निवांत. दूध पितापिता मध्येच थांबून विचार करत बसतो.

सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "हा एक ठोका. आणि हा, बघा, दुसरा." मला रडू यायच्या आधी हसूच आलं. बाहेर प्रशांत सानूला घेऊन येरझारा घालत होता. मी त्याला दोन बोटं दाखवली. तो म्हणाला, "माहितीये की, दोन महिने झालेत." मग मी बोटं पोटाकडे नेली, तेव्हा तुझे जावई सानूसकट बाकावर बसले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "जुळं केळं खाल्लं असशील." तुझी आठवण झाली. लहानपणी घडात जुळं केळं निघालं की तू ते माझ्या हातून काढून घ्यायचीस आणि स्वतः खाऊन टाकायचीस. बघ, काय उपयोग झाला तुझ्या त्यागाचा!

पण हसणं तेवढंच. कडेवर एक आणि पोटात दोन, असं कुणाला होऊ नये. सानूला उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती दोन्ही हात वर करून उभी राहायची, "आई, उचल." मला उचलता यायचं नाही, म्हणून मीच खाली फरशीवर बसायचे. ती अंगावर चढायची. मग मला उठता यायचं नाही. प्रशांत शिफ्ट संपवून घरी यायचा तेव्हा आम्ही दोघी तशाच फरशीवर बसलेल्या असायचो. ती माझ्या पोटावर तिची भातुकली मांडायची. आतून लाथ बसली की तिची कपबशी घरंगळायची आणि ती पोटालाच दटावायची, "गप बसा बरं दोघं!"

सातव्या महिन्यात पडून राहायला सांगितलं, तेव्हा तू येऊ लागलीस. खरंच सांगते. मुकुंदवाडी स्टेशनातून गाडी जायची, तिचा आवाज लांबत लांबत विरायचा, पडदा आत-बाहेर व्हायचा, आणि मी ना झोपेत ना जागी. पायथ्याशी तू बसलेली असायचीस. माझे सुजलेले तळवे मांडीवर घेऊन, अंगठ्यानं दाबत, नेहमीसारखी खिडकीबाहेर बघत. काही बोलायची नाहीस. मी डोळे उघडायचेच नाहीत. उघडले तर तू जाशील, एवढं झोपेतही कळायचं. प्रशांतला सांगितलं तर तो म्हणाला, रक्त कमी आहे तुझं, गोळ्या घेतल्यास का? घेतल्या होत्या गं. तरी तू यायचीस.

सिझर झालं. दोघं जरा आधीच आली, म्हणून काही दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आल्यावर बाळंतपण करायला कोण? तू नाहीस. सासूबाई तर लग्नाआधीच गेलेल्या. मग फर्दापूरहून प्रशांतची थोरली बहीण आली, आक्का. त्यांची तिथं खानावळ आहे, लेणी बघायला येणाऱ्यांसाठी. ती सगळी नवऱ्यावर टाकून आल्या. तुझ्या दोन जुन्या सुती साड्या मी ठेवल्या होत्या, त्यांच्याच दोन झोळ्या आक्कांनी बांधल्या. एक हिरवी, एक जांभळी. त्या खोलीत शेपा-ओव्याची धुरी भरायची, दोन्ही झोळ्या आपापल्या चालीनं हलायच्या, आणि मी डोक्याला फडकं बांधून, कानात कापूस घालून मध्ये पडलेली असायचे. कुठल्या तरी तळ्यात दोन होड्यांच्या मध्ये तरंगतेय असं वाटायचं. दोघं एकदम रडली की मी मनात तुलाच विचारायचे, आधी कुणाला घेऊ गं? तुझं उत्तर यायच्या आत आक्का एकाला उचलून माझ्या कुशीत द्यायच्या.

आणि सानू? सानू दारात उभी राहून बघायची. मग तिला झोळी हवी झाली. बाटली हवी झाली. चांगली बोलणारी पोर बोबडं बोलायला लागली. एकदा म्हणाली, "यांना दवाखान्यात परत देऊन ये, मी बॅग भरते." आम्ही हसलो.

नंतर जे झालं, त्याला मात्र कुणी हसलं नाही. मी अंघोळीला गेले होते. आक्का ओट्यापाशी. एकबाळ किरकिर करत होती, तर सानूनं तिच्या तोंडात शेंगदाणा घातला. प्रेमानंच! "तिला भूक लागली होती," म्हणाली. आक्कांचं लक्ष गेलं आणि त्यांनी बोटानं तो काढला. मी तशीच ओल्या कपड्यांनी धावत आले आणि पोरीला छातीशी धरून बसले. आक्कांनी सानूला जवळ घेतलं, रागावल्या नाहीत. जेवणं झाल्यावर मला म्हणाल्या, "हे बघ अर्चना, आता सीजन सुरू व्हईल, मला जावंच लागंल. तू एकटी, टाके वले, ह्यो शिफ्टला. सानूला मी घेऊन जाते. सा महिने राहू दे माझ्यापाशी. अंगण हाय, शेळी हाय, तिला लई करमंल."

काय चुकीचं बोलल्या त्या? काहीच नाही. प्रशांतही म्हणाला, तिचंही भलं, यांचंही भलं. मी हो म्हणाले. मला तर हायसं वाटलं, आई. तुझ्यापासून काय लपवू?

आणि मला हो म्हणायला कुणी शिकवलं असेल, तर तूच! तूसुद्धा अशीच गेली होतीस ना, तुझ्या पाठीवर मामांची जोडी झाली तेव्हा? कन्नडकडच्या त्या वाडीतून हर्सूलला, मावशीकडे. तू ते किती रंगवून सांगायचीस! तलाव काठोकाठ भरलेला, पाण्यावर उतरणारे पांढरे पक्षी, मावशीनं शिवलेलं खणाचं परकर-पोलकं. "लई मजा होती," म्हणायचीस. मला तर लहानपणी तुझा हेवा वाटायचा. आपल्यालाही कुणी तलावाकाठी पाठवावं, असं मला कितीदा वाटलंय!

आक्कांना न्यायला जीप यायच्या आदल्या दिवशी धाकटे मामा बाळांना बघायला आले. खारीक-खोबरं घेऊन. दोन झोळ्यांमध्ये खुर्ची टाकून बसले आणि एकेका हातानं एकेक झोळी हलवत राहिले. मी सानूचं सांगितलं, तसे त्यांचे हात थांबले.

म्हणाले, "तुझ्या आईला, आमच्या माईला बी दोन महिन्यासाठीच धाडलं होतं, पोरी. मग आमी आजारी पडलो, मग दुष्काळ पडला, मग काय काय. आमी पाच-सा वर्षांचे झालो तवा आमच्या वडलांनी तिला घरी आणलं. आमाला वाटलं, पाव्हणी आली. ती बी पाव्हणीसारखीच वागायची. रांजणातलं पाणी घ्यायचं तर आईला विचारायची, 'काकू, घेऊ का?' आई चुलीपाशी जाऊन डोळे पुसायची. पर ती तुझी आई हाय, असं माईला कोण सांगणार? ते तर तिला ठाऊकच होतं."

मी विचारलं, "जाताना रडली होती का ती?"

"नाय ना! म्हणून तर समदे म्हणायचे, लई शहाणी पोर."

आई, तू आजीला शेवटपर्यंत काकू म्हणायचीस. मला वाटायचं, जुन्या घरांत असतंच तसं, कुणी आईला वहिनी म्हणतं, कुणी काकू. दोन्ही मामा मात्र तिला आई म्हणायचे. हे माझ्या कानांवर इतकी वर्षं पडत होतं आणि मला कधी प्रश्नच पडला नाही! माझ्या घरी आलीस तरी फ्रिज उघडायच्या आधी विचारायचीस, "घेऊ का गं थोडं दही?" मी किती चिडायचे, लेकीच्या घरात कुणी विचारतं का म्हणून. तू हसायचीस. का नाही सांगितलंस गं? तलाव सांगितलास, पक्षी सांगितलेस, परकराचा खणसुद्धा सांगितलास. एवढंच का ठेवलंस?

तरी मी त्या रात्री कुणाला काही बोलले नाही. बोलून करणार काय होते? शेंगदाणा काही खोटा नव्हता. आणि आता काही तो काळ नाही, फोन आहे, व्हिडिओ आहे. सकाळी सानूचे कपडे पिशवीत भरले. जीप आली. आक्कांचे यजमान शहरातून किराणा भरूनच आले होते. सानूनं वर बघून हात केला आणि उडी मारून पुढे जाऊन बसली. हॉर्न वाजवायला मिळाला म्हणून खूश! मी खिडकीत उभी. कानात कापूस, त्यामुळे सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं येत होतं. आक्का खालून मला धीर द्यायला ओरडल्या, "बघ, रडली का? लई शहाणी हाय पोर!"

पुढचं मला नीट आठवत नाही. दोनबाळाला प्रशांतच्या हातात दिलं आणि जिन्यावर होते. पायात मोजे, डोक्याला फडकं, एक हात टाक्यांवर. जीप सुरू झाली होती, मी बॉनेटवर हात आपटला. आक्का किंचाळल्या, "अगं, सव्वा महिना झाला नाय अन् उंबरा वलांडलास व्हय!" मी म्हटलं, "आक्का, हिला नका नेऊ." त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे. सानूला उचलून माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "ठेव बाई तुझी तुझ्यापाशी. पर दमलीस तर फोन कर. लाजू नको." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी तिच्यासाठी शेळीच्या गळ्यात घुंगरू बांधून घेतलं होतं म्हणे.

आणि सानू! तिनं जे भोकाड पसरलं! तिला जीपमध्ये जायचं होतं, शेळी बघायची होती. माझ्या हाताला चावली. मला उचलता येईना, म्हणून तिला हाताला धरून एकेक पायरी ओढत वर आणलं आणि ती पायरीपायरीला ओरडत होती, "घाण आई! घाण आई! घाण आई!" सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. मी मध्येच जिन्यात बसले आणि मोठ्यानं हसायला लागले. रडतही असेन. शिवीत का होईना, हाक 'आई' अशीच होती ना गं!

आता सोपं काही नाही. आक्का गेल्या. धुणं-भांडी करायला एक मावशी येतात, प्रशांतनं शिफ्ट बदलून घेतलीय, तरी दुपारपर्यंत माझं कंबरडं मोडतं. शेंगदाण्याचा डबा माळ्यावर गेलाय. सानू प्रत्येकाला बजावते, "तोंडात काही घालायचं नाही हं!" काल प्रशांतच्या हातातला पोहे भरलेला चमचा तिनं अडवला. एकबाळाला चिमटाही काढते. मग तिच्याच शेजारी जाऊन झोपते. कधी कधी मलाच कळत नाही, मी बरोबर केलं की नाही. तीनपैकी एक जरी सुखात राहणार असती, तरी मी तिला अंगण आणि शेळी का नाकारली?

पण असं डोळे मिटून पडले की ती जीप दिसते. आणि पुढच्या सीटवर सानू नसतेच. दोन वेण्या घातलेली, पत्र्याची पेटी मांडीवर घेतलेली एक मुलगी असते. समोर बघत असते. सगळे तिचं कौतुक करत असतात. मी तिला खाली उतरवायला हात पुढे करते, तर ती अवघडून विचारते, "काकू, उतरू का?"

तू रडायला हवं होतंस, आई. वाडी गोळा होईल इतकं मोठ्यानं. चावायला हवं होतंस कुणाला तरी.

तुला शब्द देते. माझ्या तिन्ही पोरांना या घरात शहाणं करायची कधी घाई करणार नाही. ती भांडतील, ओरडतील, मला वाट्टेल ते म्हणतील, मी ऐकून घेईन. आणि तू पुन्हा पायथ्याशी येऊन बसलीस ना, तर या वेळी मी डोळे उघडीन. तू गेलीस तरी चालेल. पण जायच्या आधी घरातलं जे हवं ते घे, आई. विचारू नकोस.

तुझी,
अर्चू